रकाना क्रमांक सात

रविवारी शिवाजीनगर कोर्टात
माणसांपेक्षा मांजरं जास्त.
सुट्टीच्या कोर्टाला पाळी पडवळ मॅडमची,
आणि मी स्टेनो. सतरा वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं माझ्या बोटांनी.

पावणेबाराला जीप आली, परराज्याच्या नंबरची.
एक फौजदार, दोन शिपाई, रात्रभर जागे;
मध्ये इलियास मणेर,
नारायण पेठेतल्या एका छापखान्यात
मुद्रितं तपासणारा,
खिशाला अजून लाल पेन.

गुन्हा? तिकडच्या एका मंत्र्यावरची पत्रिका.
छापली इथं, झोंबली तिथं.
मजकूर याचा नव्हता.
यानं फक्त वेलांट्या सुधारल्या होत्या.

खरं तर एव्हाना ते हद्द ओलांडून गेले असते.
पण खेड शिवापूरच्या नाक्यावर
ढमढेरे नावाच्या हवालदार बाईंनी
बॅटरीचा झोत आत टाकला आणि विचारलं,
"इथल्या ठाण्यात नोंद केलीत?"
आवाजही चढवला नाही म्हणे.
फौजदार म्हणाला, आमच्या साहेबांचा हुकूम आहे.
बाई म्हणाल्या, असेल की. नोंद केलीत का?

मॅडमनी कागद मागितले.
कागद त्यांच्या लिपीत. आम्हां कुणालाच वाचता येईना.
"अटकेचं कारण याला सांगितलं?"
"सांगितलं."
"कुठल्या भाषेत?"
फौजदार पंख्याकडे बघत राहिला.

मग कँटीनमधून मंजय्याला बोलावलं.
वीस वर्षं इथं चहा देतोय, गाव तिकडचं.
हात पुसून, शपथ घेऊन तो वाचत गेला,
हळू, मृत्युपत्र वाचावं तसा,
आणि सातव्या रकान्याशी अडला.
"अटकेची वेळ," तो म्हणाला,
"इथं काहीच नाही लिवलेलं."

बाहेर एक रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता.
चोवीस तास मोजायचे, पण कुठून?
नखाएवढा चौकोन तो.
अख्खा माणूस त्यातून खाली पडू शकतो
हे मला इतकी वर्षं टंकूनही सुचलं नव्हतं.

इलियास म्हणाला, "अकरा चाळीस.
मशिनवर शेवटचा फर्मा चढला होता.
घड्याळ बघितलं, कारण आईला गोळी द्यायची असते."
मॅडमनी फौजदाराला विचारलं.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"अकरा चाळीस. बरोबर आहे."
त्याला खोटं बोलता आलं असतं.
हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

सरकारी वकील पुटपुटले, शेजारचं राज्य आहे,
संबंध जपावे लागतात.
"शेजारचं कसलं? एकाच घरातलं," मॅडम म्हणाल्या,
"आणि घरातल्या घरातसुद्धा
दार वाजवून आत येतात, वकीलसाहेब."

ताबा नाकारला. पण सुटकाही दिली नाही.
वीस दिवसांचा जामीन, आणि त्या मुदतीत
इलियासनं आपल्या पायांनी
तिकडच्या कोर्टापुढं हजर व्हायचं.
त्याचं तोंड उतरलं. कायदा आपल्या बाजूचा झाला
असं त्याला वाटलं असावं.
मलाही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मंजय्यानं फौजदाराला चहा दिला.
दोघं आपल्या भाषेत काहीबाही बोलले,
एकदा हसलेही. पैसे घेतले नाहीत.

हुकुमाची प्रत इलियासनं उभ्या उभ्या वाचली.
हात आपोआप खिशाकडे गेला, लाल पेनावर थांबला.
"साहेब, 'स्थानिक'मधला नि ऱ्हस्व हवा."
सतरा वर्षांत मला कुणी बोललं नव्हतं.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मी दुरुस्त केलं.
आणि खाडाखोड जिथं, तिथं समासात सही,
नियमच आहे तो.
त्यांनी केली. बारीकशी. खाली तारीख घातली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
आणि वेळही.