मूळ स्थितीत

लाइट बिल येतं भिकोबा सखाराम पोकळे यांच्या नावानं.
भिकोबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
नाव बदलायला त्यांच्या मुलाला, सोपानरावांना, सवड झाली नाही,
आणि मी तर काय, अकरा महिन्यांची.

धायरी. तिसरा मजला. पश्चिमेची खिडकी.
कलम सात : भिंतीला खिळा ठोकू नये.
कलम चौदा : जागा सोडताना ती मूळ स्थितीत परत द्यावी.

खिळा नाही ठोकला.
पडद्याच्या दांडीवर सोलापुरी चादर दुहेरी टाकली,
एप्रिलभर अकराला ओढायची, सूर्य सिंहगडामागे गेला की सोडायची.
पंखा दोनवर भागायला लागला.

ट्यूबचा चोक रात्रभर कण्हायचा.
उतरवली, पट्टीसकट माळ्यावर ठेवली.
तीन पिवळे बल्ब बुटांच्या खोक्यात,
कापसात गुंडाळून, एकेकाला चिठ्ठी :
बाथरूम. गॅलरी. देवघर.
त्यांच्या जागी माझे एलईडी,
तपकीर गल्लीत पाऊण तास घासाघीस करून आणलेले.
ठिबकत्या नळाचा वायसर बदलला.
जुना, चपटा, बिचारा,
तोही खोक्यात.

गच्चीवर सोलर आहे. त्याचा पाइप चौथ्या मजल्यावर थांबतो.
'खाली आणायचा तर आणा की, खर्च तुमचा,' सोपानराव म्हणाले.
आणला असता. पण जाताना काय
भिंतीतून उपटून नेऊ?
मग रोज सकाळी बादली घेऊन वर, निलोफर शिकलगारकडे.
गरम यायच्या आधी जे गार पाणी येतं
ते ती सोडून द्यायची मोरीत.
आता त्या पाण्यानं दोघींच्या फरश्या पुसल्या जातात.
बदल्यात मी तिच्या मोगऱ्याला खत देते :
गॅलरीतली झाकणाची बादली,
सालं, चहाचा चोथा, वाळका पाला,
आणि सुरुवातीचे दोन महिने
शेजाऱ्यांनी मुरडलेली नाकं.

डाळीला दुसरी शिट्टी झाली की गॅस बंद.
कुकर गोधडीत.
तूर आपली आपण शिजते, तिला बघायला लागत नाही.

आधीच्या भाडेकरूचे एकशे चाळीस युनिट.
माझे पहिल्यांदा एकोणनव्वद, मग सत्तर,
ऑगस्टात अठ्ठेचाळीस.
बिलावरचे भिकोबांचे खांब
बुटके होत गेले महिन्यामागून महिना.
एक दिवस बोर्डाचा माणूस आला, बॅटरी मारून मीटर बघितला.
'बंद पडलाय का बघायला आलो.
घरात कोणी राहत नाही का?'
मी राहते, म्हटलं.
त्यानं मला बघितलं, मग पुन्हा मीटरला.

हे सोपानरावांना सांगितलं तर हसले नाहीत.
'आबा असेच. जेवणं झाली की दिवा मालवायचे
आणि मग बोलत बसायचे.
बोलायला उजेड कशाला, म्हणायचे.'
एवढंच बोलून ते भाड्याचा निरोप देऊन गेले :
दिवाळीपासून दोन हजार जास्त.

म्हणून आंबेगाव. दुसरा करार, दुसरी कलमं.
काल माळ्यावरून खोकं काढलं.
चिठ्ठ्या वाचून बल्ब जागच्या जागी लावले.
ट्यूब तीनदा डोळे मिचकावून कण्हायला लागली,
जशी मधले अकरा महिने झालेच नाहीत.
सोपानरावांनी बटणं दाबली, वहीत खुणा केल्या.
सगळं मूळ स्थितीत, म्हणाले.

कढीपत्ता निलोफरकडे गेला.
उरली बादली. अर्धी भरलेली, काळी, भुसभुशीत,
आता वासही नसलेली.
हिची मूळ स्थिती कुठली? सालं? मंडई?
खाली पार्किंगच्या कडेला फरशी फुटली आहे.
सोपानराव म्हणतात, तिथंच बांध होता
आणि पलीकडे आबांचा कांदा.
तिथं ओतली.

आणि वायसर.
तो तेवढा नाही बदलला परत.
खोक्यात माझ्याबरोबर आंबेगावला येतोय.
इथला नळ ठिबकणार नाही.
हा करारभंग आहे, मला माहीत आहे.