गाय आधी

गाय आधी बसवायची, पापा म्हणाले,
नंतर झाकणातून जाणार नाही.
म्हणून ब्रेस्तमधल्या या तिसऱ्या मजल्यावर,
स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर,
प्लॅस्टिकच्या एका गायीभोवती
पाणबुडी उभी राहू लागली.

विटा करड्या. आठ खुंट्यांच्या, चार खुंट्यांच्या,
बिस्किटांच्या डब्यांत मापाने लावलेल्या.
पापा वीट ठोकत नाहीत.
अंगठा ठेवतात, थांबतात, दाबतात,
'टक्'सुद्धा होऊ देत नाहीत.
बावीस वर्षं कानांवर पोट भरलं त्यांनी :
हा देवमासा, हा कुठल्याशा जहाजाचा पंखा,
आणि हा आपल्यातलाच कुणीतरी, चमचा पाडणारा.
आता डावा कान गेलाय.
दारावरची घंटा मीच ऐकते.

नकाशा नाही. एक पिवळं चिठोरं आहे.
सत्तर सत्तर दिवस ते पाण्याखाली असत.
आठवड्याला घरून चाळीस शब्द जात,
उलट एकही येत नसे.
मी सहा वर्षांची. त्या आठवड्याचे सगळे शब्द
हट्टाने मागून घेतले :

*पापा तुमच्यासाठी मी नवी पाणबुडी काढली.
नाव मोर्गात.
तिला तीन खिडक्या आहेत म्हणजे तुम्हाला दिसेल.
आत एक गाय आहे दुधासाठी.
मागे कांद्याच्या पातीचा वाफा.
शिडी पिवळी.
तिच्यावर तोफ नाही कारण जागा उरली नाही.
लवकर वर या.
आई बरी आहे.
रोझेन*

(मोर्गात म्हणजे आमच्याकडे माकूल.
घाबरली की शाई सोडते.)

खिडक्यांपाशी पापा दोन दिवस अडले.
'पाणबुडीला खिडकी नसते. भोक तिथे समुद्र.'
'चिठ्ठीत आहेत,' मी म्हटलं.
चिठ्ठीत होत्या.
शेवटी खालच्या मजल्यावरच्या पोराने
तीन पारदर्शक विटा दिल्या, त्याबदल्यात
आमच्याकडची दोन चाकं नेली.
करड्या संपल्या, पोटाखाली एक ओळ हिरवी गेली.
पातीच्या वाफ्याला भांडी घासायच्या ब्रशचे केस.
शिडीची वरची पायरी हरवली ती सापडली
व्हॅक्यूमच्या पिशवीत, धुळीचा कोट घालून.
पापांनी ती बाहीला पुसली
आणि कितीतरी वेळ हातात धरून बसले.

'तेव्हा तुम्ही कुठे होतात?' मी पुन्हा विचारलं.
दर दोन-तीन वर्षांनी विचारते.
'पाण्यात.'

मग उरली ती एकच ओळ.
ते तीन शब्द माझे नव्हते.
आईने खाटेवरून सांगितले होते,
माझ्या हातातली पेन्सिल हलेपर्यंत
पुन्हा पुन्हा.
एकतीस दिवसांनी पापा वर आले
तेव्हा धक्क्यावर आत्या उभी होती,
एकटीच,
काळ्या कोटात, उन्हाळा असून.

पापांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.
'हिला कुठे बसवायचं?'
मी डबा चाळला. एक लाल वीट, एका खुंटीची.
त्यांनी ती मधल्या खिडकीमागे ठेवली,
गायीच्या पाठीला लागून,
आणि वरून छप्पर लावलं. आवाज न करता.

संध्याकाळी बेसिन भरलं.
मोर्गात बुडेना.
कुशीवर वळून तरंगत राहिली,
खिडक्या छताच्या दिव्याकडे,
सांध्यांतून बारीक बारीक बुडबुडे.
'भोकं,' पापा म्हणाले, पण रागाने नाही.
बाह्या वर सारल्या, वाकले,
उजवा कान पाण्याला टेकवला.

नळ ठिबकत होता, तो मी घट्ट केला.
'काय ऐकू येतंय?'

'गप,' पापा म्हणाले.
'गाय रवंथ करतेय.'