एत्तु

बार उद्यमबागेतला.
भरमाच्या बापानं लेथवर ओढला,
सुट्टीच्या दिवशी, मालकाला विचारून.
प्लेटा फौंड्रीत उरलेल्या बिडाच्या.
दोन्हींवर वीसचा आकडा उठून दिसतो,
पण गुळाच्या वखारीत काट्यावर चढवल्या तेव्हा
एक भरली एकोणीस तीनशे,
दुसरी वीस आठशे.
हलकीला नटबोल्टांची पिशवी बांधतो, दीड किलोची.
जडीवर खडूनं फुली.
फुली रोज घामानं पुसते,
रोज मी परत मारतो.

मच्छ्याच्या शाळेत, सायकल स्टँडच्या मागं,
मोडक्या बाकांच्या खोलीत आमचा हा संसार.
भिंतीपलीकडं नववी कन्नड.
इकडं बार आपटला की
तिकडून हिरेमठ बाईंचं डस्टर, तीनदा.

पहिला महिना प्लेटा नाहीत.
वेळूची काठी पाठीला लावायची,
डोकं, पाठ, माकडहाड,
तिन्ही टेकलेली ठेवून वाकायचं.
एक सुटलं की थांबा.
गुडघ्यात नाही रे, कमरेत,
दार बिजागरीत फिरतं तसं.
भरतेश म्हणाला, "सर, असं आमच्या घरात कुणीच वाकत नाही."
म्हणून तर, म्हटलं.
म्हणून तर.

माझी पाठ मी सतराव्या वर्षी घालवली.
मामाच्या गावची जत्रा, गोल दगड,
पैजेला पाच रुपये आणि नारळ.
दगड खांद्यापर्यंत आला.
त्या टाळ्या अजून ऐकू येतात,
थंडीत जरा जास्त.
पोरांना हे सांगितलेलं नाही.
बुटाची नाडी बांधायच्या आधी
मी भिंत धरतो, एवढं ती बघतात.

मोजणी दोन भाषांत चालते.
सातेरी एक, दोन, तीन म्हणतो,
भरतेश ओंदु, एरडु, मूरु,
आणि दम संपतो तिथं दोघांचं नुसतं "हं".
जोर द्यायला मात्र सगळे ओरडतात: एत्तु!
एत्तु म्हणजे उचल.
एत्तु म्हणजे बैलही,
हे भरतेशनंच सांगितलं, हसत.
त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.
दुसऱ्या दिवसापासून
उचलण्याआधी मी ठेवायला शिकवू लागलो.

रेणुका मुतगेकर, दहावी ब.
सोमवारी आली ती दारातूनच सांगत,
"सर, काल गॅसची भरलेली टाकी उचलली, एकटीनं.
काठी आठवली. कंबर लागली नाही."
आई काय म्हणाली?
"म्हणाली, दादा आहे की घरात."
ती हसली नाही, मीही नाही.
वहीत तिच्या नावापुढं
पन्नास खोडून पंचावन्न लिहिलं.

तालुक्याच्या स्पर्धेला आता नऊ दिवस.
शेवटचा तास.
बारवर ऐंशीच्या वर काहीतरी.
जमिनीवरून सुटला, नडगी घासत आला,
गुडघ्याशी थांबला.
एत्तु! एत्तु! खोली नुसती पेटलेली.
आणि तिच्या पाठीतला एक मणका,
एकच, कापडाखाली हलला.
"ठेव."
"येतंय, सर."
"ठेव म्हणतो."
तिनं ठेवला.
गोणपाटालासुद्धा कळलं नसेल इतका हळू.

कुणी बोलेना.
पलीकडं फळ्यावरचा खडू थांबला.
मग खिडकीत हिरेमठ बाई,
चेहरा उतरलेला, डस्टर हातात.
"काय झाला सर? आज आपटला नाही?"
"एनिल्ल," मी म्हटलं, "काही नाही."
त्या गेल्या नाहीत लगेच.

रेणुका बारच्या टोकाशी उकिडवी बसलेली,
प्लेट बोटांनी चाचपत.
"सर, पिशवी जडीला बांधली होती.
फुली पुसली होती की."

पिशवी मीच बांधली होती.
खिसे चाचपले. खडू नव्हता.
बाईंनी खिडकीतून हात आत घातला,
त्यांच्याकडचा अर्धा तुकडा पुढं केला.