पंख्याचे दोन गुण

जवाहरनगरच्या बोळात दुपारी
कातड्याचा वास उन्हात बसलेला.
माझ्या हातात चार पानी अर्ज.
भिंत पक्की? एक गुण.
पंखा? दोन.
सतराच्या वर गेलं की घर
रेषेच्या पलीकडं, योजनेच्या बाहेर.

गिरजाक्का वेणी घालत होती
दोऱ्याइतक्या बारीक चामडी पट्ट्यांची.
मान वर न करता म्हणाली,
"हाय पंखा. पर त्यो आमच्यासाठी न्हाई.
ढगाळलं की चामडं वाळत न्हाई,
म्हून तिकडं तोंड करून ठेवलाय.
आमी घामातच."

अशा पंख्याला रकाना नव्हता.
मी पेन्सिलीनं दोन लिहिले, खोडले,
परत लिहिले.
कचेरीत खाडाखोड चालत नाही.

जोडामागं किती सुटतात?
"व्यापाऱ्याला इचारा.
त्यो म्हनंल त्येच."
तेही चौकटीत मावेना.

बेरीज अठरा.

उठले, तर माझ्याच चपलेचा अंगठा तुटला.
तिनं न बोलता आरी घातली,
दोन टाके,
दातानं दोरा तोडला,
दहा रुपये घेतले
आणि कमरेला खोचता खोचता विचारलं,
"बाई, हे बी धरायचं का
उत्पन्नात?"