डावं-उजवं

तबकडी उजेडाकडे तिरकी धरली
की आवडनिवड नुसत्या डोळ्यांनी दिसते.
पहिली बाजू सगळी करडी, सुईने दळून काढलेली.
दुसऱ्या बाजूचा शेवटून दुसरा पट्टा मात्र
अजून काळाभोर, काल दुकानातून आणल्यासारखा.

त्या पट्ट्याचं नाव ‘सम्राटाची झोप’.
साडेसहा मिनिटं. शब्द फोस्कोचे,
खापरही त्याच्याच माथी.

मी वाजवणाऱ्यांतला नव्हे.
सावोनाच्या बंदरावरून त्यांची व्हॅन हाकायचो.
आधी तिच्यातून अँकोव्हीचे खोके जायचे,
म्हणून ऑर्गनला सहा महिने मासळीचा वास होता
आणि इल्देब्रांदो थंडीतही खिडकी उघडी टाकून सराव करायचा.

चौऱ्याहत्तर साली मिलानचा स्टुडिओ मिळाला, नऊ रात्री.
पाच गेल्या तेवीस मिनिटांच्या एकाच रचनेत.
पण काय गेल्या!
तेरा मात्रांचं ते चक्र नेव्हिओ मोजायचा नाही,
त्याच्यावरून चालत जायचा.
आणि अकराव्या मिनिटाला सगळे थांबून
एकट्या देल्फिनाची बासरी, इतकी हळू
की बाहेर जिन्यात माझ्या हातातली काडी
सिगारेटला न लागता बोटापर्यंत जळत आली.

उरलेलं सगळं उरलेल्या चार रात्रींत.
सहाव्या रात्री एर्मेते आणि फोस्को यांचं वाजलं
(टेपवर नाही, पार्किंगमध्ये).
सातव्या रात्री एक छोटं गाणं, वेळ मारून नेणारं, तरी गोड.
आठव्या रात्री फोस्को हटून बसला, सम्राट हवाच.
तुताऱ्या, घोषणा, आणि भाड्याचा मेलोट्रॉन
ज्याची एक पट्टी पाव सूर खाली.
सगळ्यांना कळत होतं.
घड्याळाकडे बघत सगळ्यांनी छान म्हटलं.

जेनोव्हाच्या एका साप्ताहिकाने लिहिलं:
अर्धा राजवाडा, अर्धा मांडव.
मी तो अंक व्हॅनचा तेलकट डिपस्टिक पुसायला वापरला.
नंतर कधीतरी पटलं.

मग वर्षानुवर्षं तेच.
सम्राट आला की सुई उचलायची
आणि पलीकडच्या काठावर अलगद ठेवायची.
लिदिया स्वयंपाकघरातून म्हणायची,
बिचाऱ्याला एकदा तरी झोपू दे.

या मार्चमध्ये देल्फिनाला पुरून आलो.
ओला कोट तसाच अंगावर ठेवून पहिली बाजू लावली.
अकरावं मिनिट आलं
आणि बासरीच्या जागी तळण.
कढईत कुणीतरी मूठभर मीठ टाकल्यासारखी तडतड,
तिच्या तळाशी कुठेतरी ती.
हे मीच केलेलं.
दर रविवारी, थोडं थोडं.

तबकडी उलटली. यावेळी सुई उचलायला गेलो नाही.
सम्राट आला. तसाच. लांबलचक, फुगलेला,
उतरलेल्या पट्टीसकट.
आणि चौथ्या मिनिटाला, तुताऱ्यांच्या मागून,
बासरी.
दोन ओळी जेमतेम.
ती या गाण्यात आहे हे मला ठाऊकच नव्हतं.
स्वच्छ. सुरू करण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा.

गाणं वाईटच आहे, त्यात बदल नाही.
फोस्को भेटला तर तोंडावर सांगेन.

संपल्यावर उठलो, सुई पुन्हा मागे नेली,
आणि टेकवायच्या आधी हात हवेतच राहिला.
आता हे किती वेळा लावायचं
ते मोजून ठरवावं लागणार.