इतर

बुधवारी ओपीडी असते.
खिडकीशी मी.
आत पाठवण्याआधी माणूस कागदावर उतरवायचा,
एवढंच माझं काम.

नाव छबू रणपिसे. वय?
"बेचाळीस लिहा. असेल तेवढंच."
पत्ता जनता वसाहत, पर्वती पायथा.
"पायथा नका लिहू, ताई. वरची गल्ली.
रिक्षा जिथं थांबते, तिथून अजून ऐंशी पायऱ्या."

झोप:
लागते, लागत नाही, मधेच मोडते.
म्हणाली, यातलं कुठलंच नाही.
झोप येते. मीच तिला येऊ देत नाही.
पावणेचारला नळ येतो, साडेचारला जातो,
आमची शेवटची लाइन,
वर चढता चढता पाण्यालाही धाप लागते.
एकदा लागला होता डोळा.
मग दोन दिवस शेजारी मागत फिरले.
हंडा जड नव्हता हो,
तोंड जड झालं होतं.

म्हणून ऐकत पडते.
पाण्याच्या आधी हवा येते,
म्हाताऱ्यासारखी खाकरते तोटी.
आता ती खाकर दुपारीही ऐकू येते, बसमध्येसुद्धा.
सहकारनगरच्या मॅडम हिरवळीवर पाइप सोडून
फोनवर बोलत आत जातात, तेव्हा
छातीत असं काही होतं
की हातातलं भांडं ठेवून उभीच राहते.

प्रश्न नववा. भीती वाटते का?
"कशाची?"
कशाचीही.
तिनं बराच वेळ विचार केला.
मागे रांग खोकत होती.
"घड्याळ बंद पडायची."

डॉक्टर चांगले आहेत. एक वाजेपर्यंत एक्केचाळीस पेशंट.
रात्री एक गोळी, पंधरा दिवस.

पुढच्या बुधवारी स्ट्रिप घेऊन परत आली,
एकच खण फुटलेला.
"लागू पडते हो तुमची गोळी.
मेल्यागत झोपले. उठले तर सात,
आणि ड्रम ठणठणीत.
तेजस तसाच कामावर गेला, बिनआंघोळीचा.
बोलला नाही काही.
बोलला असता तर बरं झालं असतं."

मला तिला सांगायचं होतं
की हीच गोळी मीही घेते, अर्धी, तीन वर्षं झाली.
नाही सांगितलं.
माझ्या सोसायटीत टाकी आपोआप भरते.
माझं जागणं आजार म्हणून खपतं,
तिचं नुसतं वेळापत्रक.

खाली कालवा वाहतो, चोवीस तास.
तिच्या दारातून दिसतो म्हणे,
रहदारी थांबली की ऐकूही येतो.
"पाणी पायाशी लोळतंय,
पण वर काही येत नाही."
हे ती हसून म्हणाली. हसू कागदावर कुठे लिहायचं
मला कळलं नाही.

मग तीन बुधवार आलीच नाही.
चौथ्यांदा आली ती विचारायला,
गोळी एक दिवसाआड चालेल का.
शेजारची हलीमा म्हणाली होती,
एक रात्र तू झोप, एक रात्र मी.
जी जागी, ती दोन्ही ड्रम भरेल.
मंगळवार, गुरुवार, शनिवार छबूचे.
रविवार कुणाचाच नाही.
त्या दिवशी दोघी उठतात,
नळ जाईपर्यंत पायरीवर बसतात,
कधी भांडतातही, पाळी कुणाची चुकली म्हणून.

फॉर्मच्या शेवटी अर्धा इंच जागा असते,
"इतर" म्हणून.
सहसा रिकामीच राहते.
मी लिहिलं, हलीमा, शेजारीण. एक दिवसाआड.
डॉक्टरांनी आतून विचारलं,
हे कुठलं औषध?

काल रात्री मला जाग आली.
घड्याळ पाहिलं नाही.
गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत होतं,
कुणीही न उठता.