तूट

पुतण्या म्हणतो, आत्ये, अर्धं पान इतिहास लिहून दे,
नव्या शोरूमच्या पुस्तिकेत छापायचाय.
स्थापना, परंपरा, विश्वास, असं काहीतरी.

स्थापना कुणाला ठाऊक?
म्हापशाच्या बाजारामागे, मिठाच्या गुदामाला लागून
पणजोबा पुरसो शेट एक ऐरण आणि
डबीभर गुंजा घेऊन बसले, एवढंच.
पहिलं गिऱ्हाईक पैसे न देता गेलं.

परंपरा म्हणजे आजोबांचा खोकला.
फुंकणी फुंकून छातीत कोळसा साठलेला,
तरी शिवोलीच्या नवरीसाठी
पोवळ्यांत ओवायचे मणी त्यांनी असे वळले
की लग्नात पाद्रीही वाकून बघत होता म्हणे.

विश्वास. हां, हे जरा अवघड आहे.
सोनार आईच्या नथीतलंही काढतो, असं जग बोलतं.
आजोबा चोपडीत रोज तूट लिहीत:
अर्धी गुंज, पाऊण गुंज,
घासताना, कापताना, मुशीत, हवेत.
गिऱ्हाईक हसायचं. हवेत!

पोर्तुगीज गेले. वर्ष उलटलं
आणि दिल्लीहून चौदा कॅरटचा कायदा आला.
बाबांनी ते रुसलेलं सोनं एकदा हातात घेतलं,
खाली ठेवलं,
आणि डिचोलीच्या खाणीवर ट्रकांच्या खेपा मोजायला गेले.
गुंजेचा माणूस, टनांत मोजू लागला.
दुकान उघडं ठेवलं आईनं,
रिठ्याच्या पाण्यात लोकांची पैंजणं उजळून.
पाटीवर तेव्हाही होतं: पुरसो शेट आणि पुत्र.

गेल्या मे महिन्यात माळ्याची जमीन उखडली,
जिथं कारागीर मांडी घालून बसायचे.
सांगलीकडचा एक झारेकरी आला,
फणसाच्या काळ्या फळ्यांवरून तळवा फिरवला,
म्हणाला, ह्या जाळायला द्या मला.
जाळल्या. राख धुतली, चाळली, परत धुतली.
तिसऱ्या दिवशी पुडी आणून ठेवली.
एकतीस ग्रॅम.

हवेत नव्हतीच गेली.
त्या फळ्यांवर पानं मांडून
आम्ही चतुर्थीला जेवलो होतो.

पुतण्या म्हणतो, नाणं पाडू, काचेत ठेवू.
मी आजोबांची चोपडी काढली.
मागचं एक पान कोरं होतं.
लिहिलं: जमा, पायाखालून, एकतीस ग्रॅम.
मालकाच्या रकान्यात
शिवोली, हळदोणे, थिवी, कळंगुट,
नावं कुठली आठवणार, गावंच लिहीत गेले.
आईचंही लिहिलं. ते मात्र नाव.

अर्धं पान झालंय.
छापायचं तर हे छाप.